धातूच्या पोटांतील भोंवरे : लेओन फूको याचें चरित्र

आमच्या देगलूरच्या बाजारांत घागर विकत घेणारी बाई ती नुसती पाहून घेत नाहीं, वाजवून घेते. बोटाच्या पेरानें टिचकी मारली म्हणजे अभंग घागरीचा नाद टणटणीत येतो. कोठें केसाएवढी चीर असली तर तोच नाद बद्द होतो, आणि मग कुंभारानें कितीही शपथा घेतल्या तरी घागर ढिगावर परत जाते. जुने सराफ रुपया फरशीवर टाकून पाहत तें याच कारणानें. लांब दांड्याची हातोडी घेऊन आगगाडीचीं चाकें ठोकीत जाणारा मनुष्य आमच्या वडील वाचकांनीं स्टेशनावर पाहिलाच असेल. त्याची विद्याही हीच. परंतु नादाची ही परीक्षा एका जागीं अडते. चीर आहे एवढें ती सांगते. चीर किती लांब, किती खोल, हें तिला सांगतां येत नाहीं. घागरीच्या बाबतींत तेवढी माहिती पुरते. विमानाच्या पत्र्याच्या किंवा अणुवीज केंद्रांतील नळीच्या बाबतींत ती पुरत नाहीं. तेथें बारीक चीर दिसली कीं सर्वच मोडींत काढतां येत नाहीं, आणि चीर मोठी असून लहान समजली तर माणसें मरतात.

चिरेचा हा अंदाज ज्या विद्युत्प्रवाहांच्या साह्यानें घेतात त्यांस आपण आवर्त-प्रवाह म्हणूं. फ्रान्स देशांत व इतरत्रही त्यांस फूकोचे प्रवाह म्हणतात. ज्या गृहस्थाचें नांव त्यांस चिकटलें त्याचें चरित्र यंदाच्या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे.

झां बेर्नार लेओन फूको याचा जन्म १८ सप्टेंबर १८१९ रोजीं पॅरिस शहरीं झाला. बापाचा धंदा पुस्तकें प्रसिद्ध करण्याचा. त्याची प्रकृति ढांसळल्यामुळें कुटुंब कांहीं काळ नांत शहरीं जाऊन राहिलें. तो वारल्यावर आईनें मुलाला घेऊन पुन्हां पॅरिस गांठलें. मुलगा अशक्त होता आणि शाळेंतील त्याची प्रगति इतकी मंद कीं त्याला घरीं शिक्षक ठेवून शिकवावें लागलें. ज्या पालकांच्या हातीं नुकतेंच मुलाचें प्रगतिपुस्तक आलें असेल त्यांनीं हें वाक्य दोनदां वाचण्यास हरकत नाहीं. मुलांनीं मात्र त्यांत आळसाला आधार शोधूं नये. कारण हा मंद मुलगा घरीं स्वस्थ बसत नसे. त्यानें एक नौका बनविली, जवळच्या सँ-सुल्पीस चर्चच्या मनोऱ्यावर असलेल्या संदेशयंत्राची हलती प्रतिकृति बनविली, वाफेवर चालणारें एक लहान यंत्रही बनविलें. जें त्याच्या बोटांस समजे तें त्याच्या वहींत उतरत नसे, एवढाच त्याचा दोष.

बोटांचें हें कसब पाहून तो उत्तम शस्त्रवैद्य होईल अशी आशा धरून त्यानें वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. परंतु रक्त दिसलें कीं त्याचा जीव कासावीस होई आणि रुग्णाच्या वेदना त्याला पाहवत नसत. शेवटीं तो अभ्यास त्यानें सोडला. आल्फ्रेड दॉने नांवाचे त्याचे अध्यापक सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें शरीरशास्त्र शिकवीत; त्यांनीं या तरुणास आपला मदतनीस करून घेतलें. दोघांनीं मिळून सूक्ष्मदर्शकांत दिसणाऱ्या पदार्थांचीं प्रकाशचित्रें काढलीं व तीं १८४५ सालीं प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षीं, एप्रिल महिन्यांत, फूको व त्याचा मित्र फिझो यांनीं सूर्याचें प्रकाशचित्र घेतलें, आणि त्यावर सूर्यावरील डाग स्पष्ट उमटले. पोटापाण्यासाठीं तो एका दैनिक पत्रांत शास्त्रीय वार्ता लिही. १८५० सालीं त्यानें फिरत्या आरशाच्या योगानें दाखवून दिलें कीं प्रकाश हवेंतून जितक्या वेगानें जातो त्याहून पाण्यांतून कमी वेगानें जातो. या एका प्रयोगानें प्रकाश हा कणांचा वर्षाव आहे या जुन्या मताला मोठाच धक्का बसला.

पुढील वर्षाच्या ज्या प्रयोगानें त्याचें नांव जगभर झालें तो आमच्या मुलांस भूगोलाच्या पुस्तकावरून ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८५१ च्या जानेवारींत आपल्या घराच्या तळघरांत त्यानें २ मीटर लांब तारेस ५ किलोग्रॅमचा पितळी गोळा टांगला व तो झुलविला. झोक्याची दिशा हळूहळू वळतांना दिसली. वस्तुतः वळत होती ती खालची जमीन. मग तोच प्रयोग वेधशाळेंत झाला, आणि मार्च महिन्यांत पांतेऑं या भव्य इमारतीच्या घुमटाखालीं ६७ मीटर तार व २८ किलोग्रॅमचा गोळा लावून सर्व लोकांसमक्ष झाला. पॅरिस येथें झोक्याला पूर्ण फेरा घेण्यास सुमारें ३२ तास लागतात. विषुववृत्ताकडे यावें तसा हा काळ वाढतो. असा एक लंबक पुण्यास आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेंत आहे. पुणें व देगलूर जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्यामुळें आम्हीं गणित करून पाहिलें : आमच्या गांवीं असा लंबक टांगला तर त्याच्या झोक्याला पूर्ण वळण्यास सुमारें ७५ तास लागतील. उत्साही विद्यार्थ्यांनीं उंच छत व गणिताचे शिक्षक मिळवून पडताळा घ्यावा.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीतील पंडितांस ही गोष्ट थोडी बोंचली. फूको गणितांत बेताचाच होता आणि मोठ्या विद्यापीठाच्या परंपरेंतून तो आलेला नव्हता. जें सत्य त्यांच्या समीकरणांतून आधींच निघावयास हवें होतें तें एका माजी वैद्यक-विद्यार्थ्यानें तळघरांत तार टांगून दाखविलें! अकादमीचें सभासदत्व त्याला त्यानंतर चौदा वर्षें मिळालें नाहीं. त्यानें मात्र १८५२ सालीं जायरोस्कोप नांवाचें फिरत्या जड चाकाचें यंत्र करून पृथ्वीचें भ्रमण दुसऱ्या रीतीनें सिद्ध केलें.

याच यंत्राचें चाक त्याला आमच्या मुख्य विषयाकडे घेऊन गेलें. १८२४ सालीं आरागो या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें होतें कीं तांब्याची चकती फिरविली तर तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागें ओढली जाते. तांब्याला तर लोहचुंबक चिकटत नाहीं. मग हें ओढणें कसलें? १८३१ सालीं इंग्लंडांत मायकेल फॅरडे यानें उलगडा केला : चुंबकाजवळून धातु हलली कीं धातूंत वीज वाहूं लागते. १८५५ च्या सप्टेंबरांत फूको यानें आपल्या जायरोस्कोपचें चाक एका जोरदार विद्युच्चुंबकाच्या दोन टोकांमध्यें बसविलें व तें वेगानें फिरत सोडलें. विद्युच्चुंबकांत प्रवाह नव्हता तोंवर चाक निर्वेध फिरत होतें. प्रवाह सोडतांच, कोणीं अदृश्य हातानें धरावें तसें तें कांहीं क्षणांत थांबलें. मग फूको यानें चाकास दांडा लावून तें बळेंच फिरविलें. हाताला जोर पडूं लागला आणि चाक तापलें. खर्ची पडलेले श्रम उष्णतेच्या रूपानें धातूंत प्रकट झाले होते. उष्णता व श्रम यांचें नातें त्या काळीं नव्यानेंच प्रस्थापित होत होतें. तें या प्रयोगानें हाताला चटका बसेल इतकें प्रत्यक्ष झालें. त्याच वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्याला कॉप्ली पदक दिलें आणि पॅरिसच्या वेधशाळेंत त्याची भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली.

चाकांत काय घडत होतें तें पाहूं. पावसाळ्यांत लेंडी नदीला पाणी आलें म्हणजे दगडांच्या आडोशास जसे भोंवरे फिरतात तसे विजेचे भोंवरे धातूच्या आंत फिरत होते. त्यांस ना तार, ना आरंभ, ना शेवट. धातूचेंच अंग त्यांचा मार्ग. या भोंवऱ्यांचा स्वभाव विरोधाचा. जो चुंबक त्यांस जन्म देतो त्याच्याच उलट ते जोर करतात. तांब्याच्या उभ्या नळींतून लहान पण जोरदार चुंबक सोडून पाहावा. तो दगडासारखा धाडकन् न पडतां मधांत पडल्यासारखा सावकाश उतरतो. आमच्या घरांतील जुन्या विजेच्या मीटरांत जी अॅल्युमिनियमची चकती फिरत असे तिला आवरून धरण्याचें कामही हेच भोंवरे करीत. हल्लीं पुष्कळ घरीं इंडक्शनची शेगडी आली आहे. तिच्यावरील भांडें मुख्यतः यांच्याच योगानें तापतें.

यंत्रें बनविणाऱ्यांस मात्र हे प्रवाह बरींच वर्षें शत्रु वाटले. जनित्राच्या व मोटारीच्या लोखंडांत ते उगाच फिरत, लोखंड तापवीत व वीज फुकट घालवीत. त्यांस मोडण्यासाठीं अखंड लोखंडाऐवजीं पातळ पत्रे, मध्यें रोधक लेप देऊन, एकावर एक रचण्याची चाल पडली. पत्रा जेथें संपतो तेथें भोंवरा अडतो. आतां या गोष्टीकडे उलट बाजूनें पाहावें. धातूंतील खंड जर भोंवऱ्याला अडवितो, तर अडलेल्या भोंवऱ्यावरून धातूंत खंड आहे हें ओळखतां यावें. १८७९ सालीं डेव्हिड ह्यूज यानें तारेच्या वेटोळ्यांचें एक उपकरण करून दोन नाण्यांतील धातूचा फरक ओळखून दाखविला. सराफाच्या फरशीचें काम वेटोळ्यानें केलें. आणि विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींतील फ्रीड्रिख फर्स्टर यानें या विद्येला पक्क्या शास्त्राचें रूप दिलें.

ही परीक्षा अशी घेतात. पेन्सिलीएवढ्या कांडीच्या टोकाशीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. त्यांत दिशा झपाझप बदलणारा प्रवाह सोडून तें धातूच्या पृष्ठभागाजवळ धरतात. धातूंत भोंवरे उठतात व ते वेटोळ्याला उलट विरोध करतात. या विरोधाची नोंद उपकरणाच्या पडद्यावर एका ठिपक्यानें होते. कांडी अभंग धातूवरून सरकत असतां ठिपका स्थिर राहतो. वाटेंत चीर आली कीं भोंवऱ्यांस तिला वळसा घालून किंवा तिच्या तळाखालून जावें लागतें. वाट लांबते, विरोध उणावतो व ठिपका उडतो. धातूला ओरखडाही न उमटवितां हें काम होतें.

ठिपका उडाला म्हणजे चीर सांपडली. ती केवढी, हा खरा अवघड भाग येथून पुढें. लांबी त्यांतल्या त्यांत सोपी; ठिपका कोठें उडूं लागला व कोठें शांत झाला तें पाहून ती मोजतात. खोली मात्र डोळ्यांनीं कधींच दिसत नाहीं, ती तुलनेनें काढावी लागते. परीक्षक प्रथम त्याच जातीच्या धातूचा एक ठोकळा घेतो. त्यावर मुद्दाम पाडलेल्या, आधींच मोजून ठेवलेल्या खांचा असतात, एक ०.२ मिलिमीटर खोल, दुसरी ०.५, तिसरी १ मिलिमीटर. प्रत्येकीवर ठिपका किती उडतो तें तो टिपून घेतो आणि मग खऱ्या चिरेच्या उडीशीं ताडून पाहतो. वाणी धान्य ज्या मापांनीं तोलतो तशीं हीं मापें. मापेंच खोटीं असलीं तर तोल खरा कोठून येणार?

परंतु मापें खरीं असूनही तोल चुकतो, आणि त्याचीं कारणें समजून घेण्यासारखीं आहेत. भोंवरे धातूच्या पृष्ठभागाशींच दाटीनें फिरतात. शुद्ध अॅल्युमिनियमांत सेकंदास १ लक्ष आवर्तनें असतां पाव मिलिमीटर खोलीवरच त्यांचा जोर एक-तृतीयांशाहून किंचित् अधिक उरतो. १,००० आवर्तनें असतां तो अडीच मिलिमीटरांच्या थोडा पलीकडे तेवढा उरतो. यामुळें चीर एका मर्यादेपलीकडे खोल गेली म्हणजे ठिपक्याची उडी वाढेनाशी होते. उथळ पाण्यांतील काठीनें डोह मोजावा तसें तें होतें. वर रंगाचा जाड थर असला, कांडी किंचित् तिरपी धरली, किंवा ती कडेजवळ नेली, तरीही ठिपका हलतो. आणि सर्वांत फसवी गोष्ट ही कीं खांच ही चीर नव्हे. खांचेच्या दोन भिंती एकमेकींपासून दूर असतात. वारंवार ताण पडून पडलेल्या खऱ्या चिरेच्या भिंती ठिकठिकाणीं एकमेकींस टेकलेल्या असतात, आणि त्या टेकल्या जागांतून वीज पलीकडे निसटते. म्हणून खरी चीर उपकरणाला आपल्या असलेपणाहून लहान भासते. चूक व्हावयाची तर ती बहुधा याच बाजूस, म्हणजे घाताच्या बाजूस होते. शहाणा परीक्षक यास्तव एक आंकडा सांगून थांबत नाहीं. कमींत कमी किती व अधिकांत अधिक किती असें तो सांगतो, आणि पुढील तपासणीची तारीख वरच्या आंकड्यावरून ठरवितो.

२८ एप्रिल १८८८ रोजीं नव्हे, त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २८ एप्रिल १९८८ रोजीं, हवाई बेटांवरील एक प्रवासी विमान २४,००० फूट उंचीवर असतां त्याच्या छताचा सुमारें साडेपांच मीटर लांबीचा भाग उखडून गेला. एक परिचारिका बाहेर फेंकली जाऊन प्राणांस मुकली. वैमानिकांनीं उघड्या छताचें तें विमान कसेंबसें उतरविलें. त्या विमानाच्या तोंवर ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या, आणि दर फेरींत हवेच्या दाबानें पत्रा एकदां ताणला जाई व एकदां सैल होई. रिव्हेटांच्या ओळींतील बारीक चिरा वाढत वाढत एकमेकींस मिळाल्या. अशा सांध्यांची आवर्त-प्रवाहांनीं तपासणी करण्याचा आदेश आधींच निघालेला होता. तरी तपासणींतून चिरा निसटल्या. विमानांत चढतांना एका प्रवाशास दारापाशीं पत्र्यावर चीर दिसलीही होती, परंतु ती कोणास सांगावी असें त्यास वाटलें नाहीं. हें वाचल्यापासून घागर परत ठेवणाऱ्या बाईविषयीं आमचा आदर वाढला आहे.

आपल्या महाराष्ट्रांतही या विद्येचें काम आहे. तारापूर येथें २००५ व २००६ सालीं सुरू झालेल्या अणुभट्ट्यांत वाफ तयार करण्यासाठीं बारीक नळ्यांचे मोठे जुडगे आहेत. अशा नळ्यांच्या एका अंगास अणुभट्टींतून आलेलें पाणी असतें व दुसऱ्या अंगास वाफेचें. मधली भिंत पातळ. तिला चीर पडून चालत नाहीं. अशा नळ्यांच्या पोटांतून वेटोळें ओढीत नेऊन त्यांची भिंत तपासणें ही जगभरची रीत आहे.

स्वतः फूको याला यांपैकीं कांहींच ठाऊक होणें शक्य नव्हतें. त्याचें लक्ष १८५७ पासून दुर्बिणींकडे लागलें. धातूचे आरसे जड व लवकर मळणारे. त्यानें कांचेला चांदीचा पातळ मुलामा देऊन आरसे केले. आरसा घांसून पुरा झाला किंवा नाहीं हें ओळखण्यास त्यानें एक विलक्षण साधी युक्ति काढली. आरशानें एकत्र आणलेल्या प्रकाशबिंदूच्या आड चाकूची धार हळूच सरकवावयाची. आरसा निर्दोष असेल तर तो सर्वत्र एकदम काळवंडतो. कोठें कणभर उंचसखल असेल तर ती जागा डोंगरदरीसारखी उठून दिसते. दुर्बिणीचे आरसे घरीं घांसणारे हौशी लोक आजही हीच परीक्षा घेतात. १८६२ सालीं त्यानें ८० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण पुरी केली, आणि त्याच वर्षीं खोलीच्या खोलींत प्रकाशाचा वेग मोजून तो सेकंदास २,९८,००० किलोमीटर ठरविला. आज मान्य असलेला वेग २,९९,७९२ किलोमीटर आहे. सूर्याचें अंतर त्या काळीं वाजवीहून जास्त मानीत. या मोजणीनें तेंही कमी करावें लागलें.

१८६५ सालीं अकादमीनें अखेर त्याला आंत घेतलें. सन्मान उपभोगण्यास फारसा काळ उरला नव्हता. १८६७ च्या जुलैंत त्याच्या हाताला बधिरता आली. मग ती पसरली. ज्या बोटांवर त्याचें सारें आयुष्य उभें होतें तीं निकामी झालीं, वाचा अडखळूं लागली, दृष्टीही मंदावली. रोग मज्जासंस्थेचा होता व त्यावर इलाज नव्हता. ११ फेब्रुवारी १८६८ रोजीं, वयाच्या ४८ व्या वर्षीं, तो पॅरिस येथें मरण पावला. मोंमार्त्र येथील दफनभूमींत त्याची समाधि आहे, आणि एफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नांवांत त्याचें नांव आहे.

त्याचे लेख निरनिराळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते, आणि पुष्कळ टिपणें अर्धवट राहिलीं होतीं. म्हाताऱ्या आईनें तीं गोळा करविलीं, गारिएल नांवाच्या विद्वानाकडून नीट लावून घेतलीं, आणि मुलाच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं, १८७८ सालीं, त्याच्या सर्व शास्त्रीय लेखनाचा संग्रह प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर प्रकाशक म्हणून तिचेंच नांव आहे : विधवा श्रीमती फूको, त्याची आई.